गेमची डिस्क घ्यायची की आता सोडायची? (पीएस५, डाउनलोड आणि क्लाउड)

हडपसरचा_खेळगडी (धागाकर्ता)

मंडळी,

मुलाची दहावी पार पडली, दिलेला शब्द पाळायचाय, घरात पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, प्लेस्टेशन ५) येतोय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी. डिस्क चालणारा घ्यायचा की बिनडिस्कचा?

२०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ भारतात आला तेव्हा दोन्हींच्या किमतीत रोख दहा हजारांचा फरक होता, ४९,९९० आणि ३९,९९०. आता स्लिम मॉडेलला डिस्कचा ड्राइव्ह वेगळा घेऊन मागाहून जोडता येतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, डिस्क आता कोण घेतंय!" आणि हे बोलताना त्याच्याच पाठीमागच्या कपाटात जुन्या डिस्का खच्चून भरलेल्या. दोन हजार, अठराशे, बाराशे अशा चिठ्ठ्या लावून. कोणीच घेत नाही तर मग चिठ्ठ्या कशाला लावतोस बाबा?

वाचलं ते असं. सोनीच्या स्वतःच्या आकड्यांत प्लेस्टेशनवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेम्सपैकी ७० टक्क्यांहून जास्त आता डाउनलोडनेच जातात. २०२४ मध्ये आलेल्या पीएस५ प्रोला तर ड्राइव्हच दिला नाही. पीसीवर हा निकाल केव्हाच लागलाय. २००३ मध्ये स्टीम (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) आलं, २००४ मध्ये हाफ-लाइफ २ चा डबा विकत घेतला तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय गेम चालेना, आणि पुढच्या दहा वर्षांत लॅपटॉपचा सीडी ड्राइव्हच गेला. कोणी मोर्चा काढला नाही.

माझा कल डिस्ककडे आहे. त्यात आठवणींचा वगैरे भाग नाही. ४,९९९ चा गेम पोराने महिन्याभरात संपवला की तो विकून निम्म्याहून जास्त पैसे परत येतात, एवढंच गणित. पण हे गणित अजून किती वर्षं चालेल? की पाच वर्षांनी सगळं क्लाउडवरच (गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालणार, आपल्याकडे नुसतं चित्र येणार) असेल आणि डबा घेणंच वेडेपणा ठरेल? अनुभवी लोकांनी सांगावं.


पेठेतला_पोपट

धागा छान. पण डिस्कवर गेम असतो ही समजूत आधी सोडा. २०२२ चं कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ घ्या. पीएस५ च्या डिस्कवर १०० जीबी मावतात, त्या डिस्कवर ७० एमबीच्या आसपास डेटा होता. एमबी. बाकी सगळं नेटवरून ओढायचं. म्हणजे तुम्ही विकत घेतलीत ती किल्ली, घर नाही.

त्याआधी रेड डेड रिडेम्प्शन २ पीएस४ वर दोन डिस्कांत आला होता, एक डेटाची आणि एक खेळायची. त्याला मी डिस्क म्हणेन.

आणि डिस्क असून उपयोग नसल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सोनीचाच कॉन्कॉर्ड. २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात, ६ सप्टेंबरला बंद. गेम पूर्ण ऑनलाइन, सर्व्हर गेले की संपलं. पैसे परत दिले म्हणा. ज्यांनी डिस्क परत केली नाही त्यांच्याकडे आता चहाचा कप ठेवायला चांगली चकती आहे.


सांगलीकर_पार्लरवाला

नमस्कार. इथं वाचतो बरंच, लिहितो कमी. पण हा विषय पोटापाण्याचा आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं चार टीव्ही, चार पीएस. कॉलेज सुटलं की पोरं येत्यात. मागणी काय असती? फुटबॉलचा एफसी (पोरं अजून फिफाच म्हणत्यात), डब्ल्यूडब्ल्यूई, जीटीए, टेकन. डिजिटल घेतलं तर एक खरेदी एका मुख्य मशीनवर आणि दुसऱ्या ठिकाणी तेच खातं उघडून, अशी फार तर दोन मशीनवर चालती. चार टीव्हीला दोनदा घ्यावी लागती. डिस्क असली की कसं, ह्या टीव्हीवरनं काढली, त्या टीव्हीला घातली. पोरगं म्हटलं टेकन पाहिजे, तर मशीनवर गेम आधी इन्स्टॉल करून ठेवलेला असला की डिस्क बदलून एक मिन्टात काम.

दुसरं म्हणजे नेट. पावसाळ्यात आमच्या गल्लीत फायबर दोन-दोन दिवस जातंय. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, नेट गेलं तर काय? डिस्क घातली की एकट्यानं किंवा दोघांनी शेजारी बसून खेळायचे गेम चालू. धंदा थांबत नाही.

तिसरं, विक्री. पण त्याला पण मुहूर्त आहे. ऑगस्टपर्यंत जुनी एफसी विकून टाकायची. सप्टेंबरात नवी आली की जुनीला कुत्रं विचारत नाही. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी असा आमचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, त्यात डिस्का फिरत असत्यात. एक डिस्क किती हातांतनं गेली ते तिच्या डबीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या मोजल्या की कळतंय. एकावर एक चिकटवलेल्या असत्यात, सोलायला गेलं तर खालची आधीच्या दुकानाची निघती.

क्लाउड आलं तर आम्ही बंद. सरळ हिशोब आहे.


पेठेतला_पोपट

@पार्लरवाले, डबीवर घरगुती वापरासाठी असं काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं म्हणे. ;) हलके घ्या.


सांगलीकर_पार्लरवाला

पोपटराव, बारीक अक्षरं वाचत बसलो असतो तर वकील झालो असतो.


नेटवाला_नाना

क्लाउडचं मी बघतो, तो माझा रोजचा विषय आहे (नोकरी दूरसंचारमध्ये, कंपनीचं नाव विचारू नये).

क्लाउडवर गेम खेळणं म्हणजे नेटफ्लिक्स बघणं नव्हे, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सिनेमाचा पुढचा अर्धा मिनिट आधीच ओढून ठेवता येतो. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही कुठलं बटण दाबता त्यावर ठरतं, त्यामुळे साठवून ठेवायला काही नसतंच. बटण दाबलं, ते सर्व्हरला गेलं, तिथे चित्र तयार झालं, ते दाबून लहान केलं, परत आलं, तुमच्या टीव्हीने ते उलगडलं. हे सगळं प्रत्येक बटणाला.

आता अंतर बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन कमीत कमी ३९ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाची. म्हणजे बाकी सगळी यंत्रणा अगदी आदर्श असली तरी दोनाहून जास्त फ्रेम नुसत्या प्रवासात गेल्या. यावर कुठलीही कंपनी, कितीही पैसा ओतून, काही करू शकत नाही. प्रकाशाला लाच देता येत नाही.

उपाय एकच, सर्व्हर जवळ आणणं. चेन्नईत सर्व्हर असेल तर मुंबईसाठी तोच प्रवास १० मिलिसेकंदांवर येतो. म्हणून आपल्याकडे सगळं उशिरा येतंय. एनव्हिडियाने २०२५ च्या जानेवारीत जाहीर केलं की त्यांची क्लाउड गेमिंग सेवा जीफोर्स नाऊ पहिल्या सहामाहीत भारतात येणार, सहामाही उलटली तरी आलं नाही. प्रत्येक खेळाडूमागे ग्राफिक्स कार्डाचा एक हिस्सा प्रत्यक्षात लावून ठेवावा लागतो. व्हिडिओसारखं एकच फाइल लाखो लोकांना वाटता येत नाही.

आणि डेटा. १० एमबीपीएसने खेळलात तर तासाला साडेचार जीबी. रोज २ जीबीचं मोबाइलचं पॅक अर्ध्या तासाच्या आत गार. घरच्या फायबरवर चालेल, पण ज्याच्याकडे चांगलं फायबर, चांगला राउटर आणि मोठा टीव्ही आहे, त्याच्याकडे बहुतेकदा कन्सोलसुद्धा असतो. ज्याच्यासाठी क्लाउड खरं उपयोगी, त्याच्याकडे नेटच नाही. गोम इथे आहे.


हॉस्टेलवाला_बंटी

नाना, तुमचं सगळं मान्य, पण मी मागच्या वर्षभर जुनाट लॅपटॉपवर क्लाउडवरच खेळतोय. हॉस्टेलच्या वायफायवर. रात्री एकनंतर मस्त चालतं, आठ ते अकरा सगळे रील्स बघत असतात तेव्हा चित्राचे ठोकळे होतात. शूटिंगवाले गेम्स नाही खेळत मी, रेसिंग पण जरा कठीण. पण गोष्टीचे, टर्न-बाय-टर्नचे, कोडी सोडवायचे गेम्स, काही फरक पडत नाही.

आणि काका लोक, ४,९९९ चा एक गेम! तेवढ्यात मी काही महिने सबस्क्रिप्शन भरतो आणि पंधरा गेम्स चाखून बघतो. संपवत नाही एकही, ते सोडा. मला एकही गेम जन्मभर ठेवायचा नाहीये. तुम्ही किती वेळा तोच गेम परत काढून खेळता, खरं सांगा?


हडपसरचा_खेळगडी

बंटी, प्रश्न रास्त आहे. मी परत खेळत नाही, परत विकतो. तुझ्या सबस्क्रिप्शनमध्ये तेवढंच होत नाही.

शिवाय दर कोणाच्या हातात आहे ते बघ. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट (मायक्रोसॉफ्टचं गेम्सचं मासिक सबस्क्रिप्शन) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एका फटक्यात २० डॉलरवरून ३० वर गेला, आपल्याकडचाही वाढला. डिस्क होती तेव्हा त्या किमतीला खाली ओढणारा एक माणूस बाजारात होता. तो म्हणजे सांगलीकर. त्याच्याकडे तोच गेम बाराशेला मिळतो म्हटल्यावर नव्यावर सूट द्यावीच लागते. डिजिटल दुकान एकच, कन्सोलवाल्याचं. शेजारच्या दुकानात विचारून येतो असं म्हणायची सोयच नाही.


मनवा_म्युनिक

वाचतेय. इकडचं थोडं सांगते.

जर्मनीत सार्वजनिक वाचनालयांतून पुस्तकांबरोबर कन्सोलचे गेम्सही घरी नेता येतात. आमची मुलं निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचे बरेचसे गेम्स असेच खेळली. वर्षाची वर्गणी एका नव्या गेमच्या किमतीहून कमी. डब्यावर वयाचा मोठा रंगीत शिक्का असतो, काउंटरवरच्या बाई तो बघून मुलांना परत पाठवतात, तोही एक फायदा!

आता स्विच २ आल्यापासून (जून २०२५) गोंधळ आहे. बऱ्याच गेम्सच्या कार्डावर गेम नसतोच, फक्त चावी असते. कार्ड घालायचं, गेम उतरवायचा, आणि खेळताना प्रत्येक वेळी कार्ड आतच पाहिजे. म्हणजे डाउनलोडचा ताप आणि डब्याचा ताप, दोन्ही पदरात. पण एक आहे, ते कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं, वाचनालयातही ठेवता येतं. त्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे डब्यात नुसती कोडची चिठ्ठी. ती एकदा वापरली की डबा रिकामा. उलट सायबरपंक २०७७ त्यांनी ६४ जीबीच्या कार्डावर अख्खा बसवून दिला, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

निन्टेन्डोने डिजिटल गेम घरातल्या दुसऱ्या माणसाला १४ दिवस उसना द्यायची सोय केली आहे. फक्त घरातल्या गटात. मैत्रिणीला नाही. उसनवारी कोणाशी करायची तेही आता कंपनी ठरवणार.


कोकणातला_जुना_खेळाडू

डिस्कप्रेमींनी माझ्याकडे यावं, रत्नागिरीला. कपाट दाखवतो.

समुराईच्या (टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम) कॅसेटपासून सगळं जपलंय. कॉन्ट्रा, मारिओ, त्या "९९९९ इन १" ज्यात खरे गेम्स जेमतेम पाच-सहा आणि बाकी त्यांचीच नावं बदलून. पीएस२ च्या डिस्का वेगळ्या, त्यात २००९ चा हनुमान बॉय वॉरियरसुद्धा आहे (हैदराबादच्या स्टुडिओने केलेला, खेळायला सुमार, पण आपला!). आता या सगळ्याला दर पावसाळ्यात बुरशी. डिस्कच्या कडेने पांढरी जाळी धरते, ती मऊ फडक्याने मधून बाहेर अशी पुसायची, गोल गोल नाही, नाहीतर चरे त्याच वाटेवर पडतात आणि वाचणारा भिंग तिथेच अडकतो. कॅसेटचे धातूचे दात काळे पडतात, ते खोडरबराने घासायचे. ज्या कॅसेटमध्ये सेव्ह होतं तिच्या आत नाण्याएवढी बॅटरी असते, ती मेली की सेव्ह गेलं. बदलायची तर सोल्डरने डाग देऊन बसवलेली. डब्यात भरून डबा माळ्यावर टाकला आणि गेम जपला, असं होत नाही हो.

पण तरी जपतो. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास केला, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे नवे विकत मिळत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद केली, पुढच्या वर्षी जुलैत एक्सबॉक्स ३६० चं दुकान गेलं. त्यांतले जे गेम्स फक्त तिथेच विकले गेले, ते आता नवीन माणसाला कायदेशीर मार्गाने मिळणं कठीण. डिस्क असलेल्यांचं काय झालं? जुन्या बाजारात भाव वाढले, पण मिळतात.

पी.टी. आठवतोय का कोणाला? २०१४ चा तो भीतीदायक डेमो, फुकट होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये दुकानातून काढून टाकला, ज्यांच्या पीएस४ मध्ये उतरवलेला होता त्यांची मशीनं लोक चढ्या भावाने विकायला लागले. फुकटच्या गेमसाठी!


कोडकरी_कर्वेनगर

गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून.

लहान स्टुडिओला डिस्क परवडत नाही. छपाईसाठी कन्सोल कंपनीची मंजुरी, कमीत कमी अमुक इतक्या प्रती घ्यायलाच हव्यात ही अट, डबे, वाहतूक, न खपलेला माल परत. आणि चूक राहिली तर छापलेली डिस्क दुरुस्त होत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम २०२० मध्ये आधी स्विचवर आला, मग दोनेक महिन्यांत पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्सवर, डाउनलोडने. पुण्यात बसून जगभरच्या लोकांच्या हातात गेम देणं डबे भरून पाठवायच्या काळात झालं असतं का? मला शंका आहे.

दुकान ३० टक्के कापतं हे खरं. स्टीमने २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के केलं, म्हणजे सवलत मोठ्यांनाच. पण जुनी डिस्क दहा हातांतून फिरते तेव्हा आम्हाला पहिल्या हाताचेच पैसे मिळतात, नंतरच्या नऊंचे नाही. सांगलीकर, तुमच्यावर राग नाही, पण हे आहे.


सांगलीकर_पार्लरवाला

राग नका धरू साहेब. आमच्याकडं वीस-तीस रुपयात खेळून नाद लागलेली पोरं पुढं नोकरीला लागल्यावर स्वतःचं मशीन घेत्यात. ती गिऱ्हाइकं तुमचीच की.


विधिज्ञ_विनायक

मूळ मुद्दा मालकीचा आहे, तो डिस्क-डाउनलोडच्या वादात हरवतो.

डाउनलोडच्या गेममध्ये तुम्ही परवाना घेता. हे करारात कायमच होतं, पण बटणावर "खरेदी करा" असं लिहायचे. कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: ग्राहकाला आपण परवाना घेतोय हे स्पष्ट सांगा. स्टीमवर पैसे भरताना ती ओळ दिसते. म्हणजे हक्क वाढला नाही, फक्त हक्क नाही हे प्रामाणिकपणे सांगायला लागले.

फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीमच्या मालक कंपनीवर खटला भरला होता की डिजिटल गेमही पुन्हा विकता आला पाहिजे. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जिंकले, २०२२ मध्ये अपिलात हरले. तो मार्ग निदान तिथे बंद झालाय.

दुसरीकडे युबिसॉफ्टने द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि मग लोकांच्या खात्यांतून परवानेच काढून घेतले. एकट्याने चालवायच्या शर्यतीसुद्धा गेल्या. डिस्कवाल्यांचंही तेच झालं, हे पोपटरावांच्या मुद्द्याला जोडून. त्यातून "स्टॉप किलिंग गेम्स" मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. त्यांची मागणी माफक आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं नाही, बंद करताना गेम लोकांच्या हातात चालू अवस्थेत सोडा एवढंच.

ज्यांना डाउनलोडही हवंय आणि ताबाही, त्यांनी पीसीवर जीओजी हे ऑनलाइन दुकान बघावं. तिथली इन्स्टॉलरची फाइल आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, खातं असो-नसो चालते. वाद डबा विरुद्ध नेट असा नाहीच, हे त्यावरून कळावं.


नेटवाला_नाना

विनायक, अनुमोदन. क्लाउडचं एक राहिलं. तिथे तर तुमच्याकडे फाइलही नसते. गुगलचं क्लाउड गेमिंगचं स्टेडिया नोव्हेंबर २०१९ ला सुरू झालं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद. त्यांनी गेम्सचे आणि त्यांच्या दुकानातून घेतलेल्या कंट्रोलरचे पैसे परत केले, कंट्रोलर ब्लूटूथवर चालावा म्हणून सोयही दिली. चांगलंच केलं. पण हे गुगलला जमलं. त्याआधीचं तसलंच ऑनलाइव्ह २०१५ मध्ये बुडालं, पेटंटं सोनीने घेतली. उद्या एखाद्या लहान कंपनीने गाशा गुंडाळला तर परताव्याची अपेक्षा ठेवू नका.

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: पाच वर्षांत क्लाउड डिस्कला मारणार नाही. डिस्कला मारतंय ते डाउनलोड, आणि ते काम जवळजवळ उरकत आलंय. क्लाउड बंटीसारख्यांसाठी बाजूने वाढेल.


हॉस्टेलवाला_बंटी

"बंटीसारख्यांसाठी" :( बरं चालेल.


हडपसरचा_खेळगडी

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. ड्राइव्हवालाच घेतोय. पार्लरवाल्यांच्या ग्रुपसारखं काही पुण्यात असेल तर कोणीतरी व्यक्तिगत निरोप पाठवा.

शेवटचा प्रश्न. जुनी डिस्क घेताना तिच्यावर खरंच गेम आहे की पोपटरावांची ७० एमबी, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?


सांगलीकर_पार्लरवाला

डबीची मागची बाजू वाचा. ऑनलाइन लागतंय असं लिहिलं असंल तर विचार करून घ्या. स्विच २ ला पुढच्याच बाजूला खाली चावीचं लिहिलेलं असतंय. बाकी यूट्यूबवर नाव टाकून "नेट बंद करून डिस्क घातली" असले व्हिडिओ बघायचे, लोकं तेवढंच करत बसल्यात.

डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. मधून कडेकडं गेलेला बारीक चरा चालतो, गोल फिरलेला चरा असंल तर घेऊ नका. आणि एफसी घेणार असाल तर सप्टेंबरपर्यंत थांबा, माझ्याकडंच चार पडल्यात.